रेनकोट काढून त्याचंच छप्पर: गगनबावड्याच्या पावसातली चाचणी

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट जुलैच्या पावसात चालायची, हे माझं बरीच वर्षं राहून गेलेलं काम. यंदा मे महिन्यात नाव नोंदवलं. आयोजकांच्या सामानाच्या यादीत ‘पावसापासून बचावाची स्वतःची सोय’ एवढीच एक ओळ होती. मुक्काम गावातच, शाळेत नाहीतर मोठ्या मांडवात, त्यामुळं रात्रीची काळजी नव्हती. काळजी होती वाटेतल्या मसाई पठाराची. तिथं वारा मोकळा, झाड दृष्टीला पडत नाही, आणि कुणाचा पाय मुरगळला किंवा कुणाला हुडहुडी भरली तर बसवायला आडोसा नाही. छत्री उघडल्या उघडल्या उलटी होते. रेनकोट आपल्यापुरता.

म्हणून पोंचो घ्यायचं ठरवलं. मधोमध टोपी शिवलेली आयताकृती चादर, कडेनं रिंगा आणि टिचबटणं. अंगात घातला की रेनकोट, टोपीचं तोंड आवळून कोपरे ताणले की छप्पर, असं विकणारे सांगतात. त्यांच्या फोटोत ते छप्पर नेहमी कोरड्या हिरवळीवर असतं. घाटमाथ्यावरच्या पावसात त्याचं काय होतं, हे मला कुणी सांगेना. तेव्हा करून बघितलं. ते कसं केलं, किती थांबावं लागलं आणि किती पैसे गेले, ते इथं लिहून ठेवते.

बाजारात तीन प्रकार दिसले. तीनेकशे रुपयांचा पातळ प्लॅस्टिकचा, ज्याला रिंगाच नसतात. रबरी लेपाचा जाड लष्करी धाटणीचा, दणकट पण किलोच्या वर वजनाचा. आणि चौकटीच्या विणीचा नायलॉनचा, चारशे ग्रॅमच्या आसपास. मी तिसरा घेतला, १,९०० रुपयांना. माप २१० बाय १४५ सेंटिमीटर. लेबलवर ‘२००० मिलिमीटर’ असं लिहिलेलं असतं, त्याचा पावसाच्या मिलिमीटरशी काही संबंध नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला तर किती उंचीपर्यंत ते पाझरत नाही, त्याचा तो आकडा. घेताना मी तो आकडा एकदाच पाहिला, पण कोपऱ्यांवर दुहेरी कापड लावून रिंगा ठोकल्यात का, हे दोनदा पाहिलं. फाटतं ते तिथंच.

टोपी जिथं शिवलेली असते ती शिवण आतून बंद केलेली नव्हती. ते काम मे महिन्यातच उरकावं लागतं, कारण शिवणीला लावायचं सीलर पूर्ण कोरड्या कापडावरच धरतं आणि वाळायला एक अख्खा दिवस मागतं. एकदा मृग लागला की तो कोरडा दिवस कुठून आणणार? कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर सिलिकॉनचंच सीलर लागतं, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असेल तर पीयूचं. अदलाबदल केली तर वाळल्यावर पापुद्रा निघून येतो. ट्यूब ३५० रुपयांना मिळाली. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून तीन मिलिमीटरची नायलॉनची दोरी आणली, आणि पंक्चरच्या दुकानातून सायकलची टाकाऊ ट्यूब, फुकट. तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापून ठेवल्या. त्या कशासाठी, ते पुढं येईल.

गच्चीवर सराव झाला. पाण्याच्या टाकीचा पाइप आणि कठडा यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि त्यावर पोंचो टाकायचा. दोन गाठी आल्या म्हणजे काम भागतं: दोरीवर सरकणारी आणि ताण आला की जागीच आवळणारी प्रुसिक, आणि खुंटीपाशी दोरी कमी-जास्त करता येईल अशी एखादी सरकगाठ. डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा, असा सल्ला वाचला होता. मी दिवा बंद करून बांधल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, “वाळवण घालतेयस का?” मी हो म्हटलं.

खरा पाऊस कुठं घ्यायचा? कोल्हापूर शहरातला उपयोगाचा नव्हता. गगनबावडा आमच्या जिल्ह्यातला सर्वात जास्त पावसाचा तालुका, कोल्हापुरातून पंचावन्न किलोमीटर. तिथून पुढं करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात, आणि समुद्रावरून आलेला वारा त्या कड्यावर पहिल्यांदा आदळतो. माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणीचे मामा तिथल्याच एका वाडीत राहतात.

जंगलाच्या कडेला झोपावं असा माझा पहिला बेत होता. त्यासाठी १६ जूनला वनखात्याच्या कार्यालयात चौकशी केली. उत्तर सरळ मिळालं. राखीव जंगलात रात्री मुक्काम करायचा तर लेखी अर्ज, सोबत आधार कार्डाची झेरॉक्स, कारण, तारखा आणि सोबत्यांची नावं लागतील. अर्ज वरिष्ठांकडं जाईल, उत्तर कधी येईल ते सांगता येणार नाही, आणि पावसाळ्यात परवानगी मिळणं अवघडच. “मालकीच्या रानात असाल तर मालकाची परवानगी पुरे,” तिथले कर्मचारी म्हणाले, “पण गव्यांचं तेवढं बघा.” अर्ज न करताच मी परतले. तुम्हाला जंगलातच राहायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच हालचाल सुरू करा.

मामांच्या बांधावर झोपायचं ठरलं. मामांनी आपणहून पोलीस पाटलांच्या कानावर घातलं होतं, तरी मी फोन करून नाव, पत्ता आणि तारीख कळवली. रात्री अनोळखी टॉर्च फिरताना दिसला की वाडीत चर्चा होतेच. पाटलांनी “कशासाठी म्हणे?” असं विचारलं. रेनकोट तपासायला, असं सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. मोबाइल चालू ठेवा.”

त्यानंतर पावसाची वाट. मामांचा हिशोब नक्षत्रांचा. मृगाचा पाऊस भरवशाचा नाही, पुनर्वसूचा तरणा पाऊस जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि तेव्हा तर आमचा ट्रेक तोंडावर येतो, तेव्हा “आर्द्रात या,” म्हणाले. आर्द्रा लागलं आणि दोनच दिवसांत हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला. म्हणजे चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वरचा पाऊस धरून चालायचं. मला हवा होता तसाच, पण कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलं आणि गगनबावड्याची एस.टी. बंद झाली. हे दर पावसाळ्यात होतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा गाठायला लागली की या रस्त्याची चौकशी केल्याशिवाय घर सोडू नये. दोन-तीन दिवस पिशवी दारात भरून ठेवलेली होती. पाणी उतरलं, अलर्ट पिवळ्यावर आला, आणि २८ जूनला दुपारच्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा प्रवासखर्च नगण्य.

मामांनी आधी हसून घेतलं. “अगं पोरी, घरात चार खोल्या मोकळ्या हायत न्‌ तू बांधावर झोपणार?” मामी हसल्या नाहीत. त्यांनी सोप्यावरून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर झोपायचं, अशी अट घातली. ती मला आधीच मान्य होती. पहिल्यांदा करताना पन्नास पावलांवर पक्कं छप्पर असणं हाच या सगळ्यातला सर्वात मोठा शहाणपणा. जागा शेळ्यांच्या खोपटाच्या अलीकडची ठरली. गव्यांची वाट पलीकडच्या ओढ्याकडून जाते, तेव्हा इकडं त्रास नाही, असं मामांचं म्हणणं. जवळ एकटं उंच झाडही नव्हतं. होती ती करवंदीची जाळी आणि कुंपणाचे दोन पक्के खांब.

संध्याकाळी सहा वाजता सर थांबेचना, तेव्हा त्या सरीतच कामाला लागले. आणि लगेच कळलं की पोंचोची खरी अडचण काय आहे. छप्पर बांधायचं तर अंगातला रेनकोट काढावा लागतो. तुम्हाला आडोसा ज्या क्षणी सर्वात जास्त हवा असतो, नेमकं तेव्हाच तुम्ही उघडे पडता. गच्चीवर कोरड्यात हे लक्षात येणं शक्यच नव्हतं. यावर उत्तर मामांच्या अंगावर होतं. रोपलावणीला वापरतात ती खोळ: मोठ्या प्लॅस्टिकच्या पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत दाबायचा, की टोपी आणि पाठ दोन्ही झाकणारं पांघरूण तयार. हात मोकळे राहतात, घडी केली तर वहीएवढी होते. मामांनी खतांच्या पोत्याचं आतलं प्लॅस्टिक काढून दिलं. “तवर हे पांघर की.” तेव्हापासून ती खोळ माझ्या पाठपिशवीच्या सर्वात वरच्या कप्प्यात असते. जिच्याशिवाय पोंचोचं छप्पर बांधूच नये अशी ही वस्तू मला फुकट मिळाली.

क्रमही महत्त्वाचा. पोंचो अंगात असतानाच आधी आडवी दोरी ताणून घ्यायची. मग खोळ पांघरायची, पोंचो काढायचा, टोपीचं तोंड पिळून दोरीनं आवळायचं आणि मुंडी वरच्या बाजूला उभी राहील अशी बांधायची. टोपी खाली लोंबली तर तिच्यात पाणी साठतं. कोपऱ्यांच्या दोऱ्या घरूनच बांधून आणलेल्या असाव्यात. ओल्या, गार बोटांनी रिंगेतून दोरी ओवणं हा वैतागवाणा प्रकार आहे.

आधी दुपाखी बांधलं. २१० सेंटिमीटरची बाजू दोरीवर आडवी, दोन्हीकडं सव्वादोन-अडीच फुटांची पाखं. खाली मीटरभर रुंद जागा ठेवली तर मधली उंची जेमतेम पावणेदोन फूट. आत सरपटतच जावं लागतं आणि कूस बदलताना खांदा कापडाला लागतो. पाऊस सरळ पडत असेल तर हे उत्तम. घाटमाथ्यावर पाऊस सरळ पडत नाही. वाऱ्याची झड आली की दोन्ही उघड्या तोंडांतून फवारा आत, आणि जमिनीवर आपटून उडणारे चिखलाचे शिंतोडे वेगळेच.

मामांच्या सोप्याच्या पश्चिमेकडच्या बाजूला पावसाळ्यात झापं बांधलेली होती, पूर्व बाजू मोकळी. तेच केलं. पश्चिमेची कड थेट जमिनीला टेकवून दगडांनी दाबली, पूर्वेची कड दोरीवर अडीच फुटांवर उचलली, एकपाखी छप्पर. झड बंद झाली. खुंट्या मात्र भिजलेल्या मातीत लोण्यात सुरी जावी तशा गेल्या आणि तशाच बाहेर आल्या. डोक्याएवढे दगड आणि करवंदीचं खोड यांवर भरवसा ठेवला. पावसाळी मुक्कामाला खुंट्यांपेक्षा दोरी जास्त न्यावी.

दोन गोष्टींनी फार फरक पडला. आडव्या दोरीवरून पाणी घरंगळत छपराखाली येतं. त्यासाठी छपराच्या जरा अलीकडं दोरीला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडला, पाणी तिथंच निथळून जातं. दुसरं, पागोळ्या पडतात त्या रेषेवर पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पसरली. मामींनीच भारा काढून दिला. पागोळ्या पिंजरीत जिरतात, शिंतोडे उडत नाहीत. अंथरायच्या प्लॅस्टिकची कड पागोळ्यांच्या आतच राहायला हवी, बाहेर आली की ती सगळं पाणी गोळा करून पाठीखाली आणते. मामा चर मारायला निघाले होते, पण त्यांचा बांध माझ्यासाठी फोडायचा, हे मला पटलं नाही. थोडी उंचावरची जागा घेतली, चर लागला नाही.

भाकरी, झुणका आणि हुलग्याचं माडगं असं घरात जेवून साडेनऊला मी आडवी झाले. मैत्रीण सोप्यावर झोपली, ती शहाणी. पायमोज्यांत तंबाखूची पूड टाकली होती, जळवांसाठी. मीठही चालतं, पण ते पावसात विरघळून जातं. तरी एक जळू घोट्यावर भेटलीच, सकाळी.

पहिला तासभर छप्पर ढोलासारखं वाजत होतं आणि मी कोरडी होते. मग कापड सैल पडायला लागलं. नायलॉन ओलं झालं की ताणतं, ही त्याची जातच आहे. पॉलिएस्टर इतकं ताणत नाही, म्हणून जाणकार तेच घ्या म्हणतात. सैल कापडात मधोमध पाण्याचं पोट धरायला लागतं आणि ते पोट खाली येऊन चेहऱ्याला टेकतं. सायकलच्या ट्यूबच्या चकत्या यासाठीच होत्या: दोरी आणि रिंग यांच्यामध्ये एक-एक चकती. कापड ढिलं पडतं तसा रबर आवळत जातो. तरी साडेअकराला एकदा उठून आडवी दोरी ताणावी लागली.

एकच्या सुमारास तोंडावर बारीक तुषार आले. छप्पर गळतंय, असं वाटून पोटात गोळा आला. टॉर्च लावून पाहिलं तर आतल्या बाजूनं सगळीकडं सारखे थेंब. कोरड्या फडक्यानं एक वीतभर जागा पुसली आणि वाट पाहिली. पुन्हा सगळीकडं सारखेच थेंब आले, शिवणीजवळ जास्त नाहीत. म्हणजे गळती नाही, श्वासाची आणि हवेतली वाफ धरत होती. बाहेर मोठी सर कोसळली की तिच्या माऱ्यानं आतले थेंब झटकले जातात आणि पाऊस आत आल्यासारखं भासतं. हवा आधीच दमटीनं भरलेली असताना यावर पूर्ण इलाज नाही. मी पूर्वेची कड वीतभर आणखी उचलली आणि फडकं हाताशी ठेवलं. थर्मामीटर २१ अंश दाखवत होता. आकडा उबदार वाटतो, पण ओल्या कपड्यात, वाऱ्यात, तासन्‌तास पडून राहिलं तर एवढ्यातही अंग गारठून कापरं भरतं. कोरडा कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावा आणि तो फक्त झोपतानाच घालावा, मग दिवसभर कितीही मोह झाला तरी.

रात्री उठून बाहेर जावं लागलं तर काय, याचा विचार कुणी लिहिलेला मला आढळला नाही. रेनकोट छपराला लागलेला असतो. पुन्हा खोळ.

पहाटे तीन ते सहा गाढ झोप लागली, त्याआधी डुलक्या. सरळ भिंतीचा एक डबा उघड्यावर ठेवला होता, त्यात सकाळी नऊ सेंटिमीटर पाणी जमलं होतं. नव्वद मिलिमीटर, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत ‘जोरदार’मध्ये मोडणारा पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, तेव्हा माझ्या छपरावरून रात्रीत पावणेदोनशे लिटरच्या वर पाणी वाहून गेलं असणार, जवळजवळ एक पिंप. त्यातलं वरून थेट आत काही आलं नाही. ओली झाली ती पायाकडची बाजू, गुडघ्यांपर्यंत, तीही उडालेल्या आणि धरलेल्या पाण्यानं. पूर्ण रात्र यात काढायला मी कुणाला सांगणार नाही. अडकलात तर निभेल, इतकंच.

सकाळी मैत्रिणीचा पोंचो आणि माझा जोडून बघितला. कंपन्या वेगळ्या, टिचबटणांमधलं अंतर वेगळं, एकही बटण जुळेना. रिंगांमधून दोरी ओवून जोडले, दोन्ही टोप्या वर बांधल्या, कड एकमेकींवर चार बोटं चढवली, वाऱ्याकडचं कापड वर. एवढ्या छपराखाली चार-पाच माणसं बसू शकतात. सोबत कुणी असेल तर पोंचो एकाच बनावटीचे घ्या. आणि छपराखाली चूल-स्टोव्ह पेटवू नका. नायलॉन क्षणात वितळतं, आणि बाजू बंद असतील तर कोंडलेला धूर-वायू जिवावर बेततो.

निघताना मामींनी पायाला कुठं कापलंय का, ते बघायला लावलं. शेतातल्या साचल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग उघड्या जखमेतून होतो. करवंदीनं ओरखडलं होतं. साबणानं धुऊन घेतलं. त्यानंतरच्या दिवसांत ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर शेतात राहिल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. मला काही झालं नाही.

पोंचो वाळायला कोल्हापुरात पंख्याखाली दोन दिवस लागले. ओलाच घडी करून ठेवला तर बुरशी धरते, आणि पीयूचा लेप दमटीत हळूहळू चिकट होऊन सुटायला लागतो. एकूण खर्च पोंचो, सीलर, दोरी आणि अंथरायचं प्लॅस्टिक धरून २,७०० रुपयांच्या आत बसला.

१२ जुलैला मसाई पठारावर जेवणाच्या वेळेला धुकं आणि झड दोन्ही आलं. झाड नव्हतंच, तेव्हा चालायच्या काठ्या खांब म्हणून उभ्या केल्या, वाऱ्याकडची कड पाठपिशव्यांनी दाबली आणि आम्ही पाच जणी आत बसून भाकऱ्या खाल्ल्या. आणखी एक उपयोग तिथंच सापडला, जो आमच्यासारख्यांना फार मोलाचा: पोंचो अंगात घालून, हात आत घेऊन, उघड्या माळावर ओले कपडे बदलता येतात. यादीत हे कुणीच लिहीत नाही, कारण याद्या बहुतेक पुरुष करतात.

रात्री शाळेच्या वर्गात मुक्काम होता. छपराची गरज पडली नाही, पण माझी आडवी दोरी खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत लागली आणि तिच्यावर सगळ्या वर्गाचे मोजे वाळत पडले. सकाळी ती सोडवायला गेले तर तिघी जणी म्हणाल्या, राहू दे की अजून अर्धा तास. दोरी पंधरा मीटर पुरते असं मी समजत होते. पंचवीस न्या.